पाळक नसतात तेव्हा

पाळकसाहेब बोगद्यापलीकडून येतात,
तीन आठवड्यांतून एकदा.
उरलेले दोन रविवार मी वाचते.
उपदेश माझा नसतो. कुणीतरी, कुठेतरी लिहिलेला,
पानांच्या कोपऱ्यांना
आधीच्या वाचकाच्या अंगठ्याचा, माशाचा वास.
एकवीस वर्षं झाली.
आवाज चांगला आहे म्हणतात,
समुद्र खवळला तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचतो.

आत किती पोचतो, ते कुणी विचारत नाही.

माझ्या दृढीकरणाच्या वर्षी बाबांनी
दगडी कुंपणाच्या आत रोवनचं रोप लावलं.
आमच्या फेरो बेटांवर झाड लावणं म्हणजे हट्टच.
ते वाढलं, भिंतीइतकं.
त्यावरचं दर हिवाळ्यात वारा छाटून नेतो.
त्याच वर्षी मी एक वही सुरू केली:
रोज निजण्याआधी, आज कुठे चुकले.
वय चौदा: ‘मार्युनचा राग आला. प्रभू, तो काढून टाक.’
वय एकसष्ट, परवाचंच पान:
‘मार्युनचा राग आला.’
पुढचं वाक्य लिहायचा आता कंटाळा येतो.
अक्षर तेवढं सुधारलंय.

मार्युन माझी धाकटी बहीण.
आई गेली तेव्हा आईच्या पोशाखाची चांदीची साखळी
तिने खिशात घातली,
आणि मी म्हणाले, राहू दे.
ते ‘राहू दे’
सत्तावीस वर्षं माझ्या दाढेत अडकून आहे.

एलिस्पा सांगते, मासे साफ करताना
तिला प्रभूचं सान्निध्य जाणवतं.
मला मासे साफ करताना
मासेच जाणवतात.

मग फेब्रुवारीतला तो रविवार.
हेरालवूरने घंटा वाजवली
आणि तोही आपलं छप्पर सांभाळायला पळाला.
देवळात मी, आणि तिसऱ्या बाकावर
ओल्या कोटातली मार्युन.
पान उघडलं. पहिलाच शब्द: बंधुभगिनींनो.
बंधू एकही नव्हता.
भगिनी होती.
एकवीस वर्षं सहज निसटणारा शब्द
घशात आडवा झाला.

उपदेश क्षमेवर असता तर गोष्ट झाली असती.
तो होता जुन्या मंदिराच्या मापांवर,
किती हात लांब, किती हात रुंद,
खांब किती.
मी मापं वाचत गेले. ती मापं ऐकत राहिली.

वीज गेली.
ती उठली, वेदीवरची मेणबत्ती काढून
माझ्या पानाशी आणून धरली.
इतक्या जवळ ती कधीपासून आली नव्हती.
तिच्या केसांना लोकरीचा आणि धुराचा वास, आईसारखा.
मेण तिच्या बोटांवर ओघळू लागलं.
ती काही बोलली नाही.

खरं सांगते,
एक परिच्छेद मी मुद्दाम सावकाश वाचला.
ओघळू दे म्हणून.
प्रत्येक स्वल्पविरामाला थांबले,
आवाज शेवटच्या रिकाम्या बाकापर्यंत नेला.

मग तिचा अंगठा थरथरला, जरासा.
मी दोन पानं एकदम उलटली.
पश्चिमेची भिंत, अंगण, पितळेची दारं,
सगळं गाळून थेट ‘आमेन’वर आले.
एकवीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं.
तिच्या लक्षात आलं असणार,
भिंती तीनच झाल्या मंदिराला.
तिने मेणबत्ती विझवली, बोटं कोटाला पुसली.

बाहेर पडताना दार वाऱ्याने उघडेना.
दोघींनी खांदे लावले.
बोललो ते दाराशीच.

रात्री वही काढली.
आधी लिहिलं: मेण.
मग लिहिलं: दोन पानं गाळली.
आणि लेखणी तशीच धरून बसले,
ही दुसरी ओळ इथे बसते का, कळेना.
चुकांच्या वहीला
रकाना एकच आहे.